आमची बयो वेगळी

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. नेहमीपेक्षा दोन कमीच पाठवले आहेत. तुझं पत्र दीड महिना उशिरा आलं, त्याचे कापले. फोन करतेस हे मान्य, पण आईला कागद लागतो. तुझं पत्र ती उशीखाली ठेवते आणि दिवसातून चारदा वाचते. पाय गेले, हात थरथरतात, पण डोळे अजून शाळामास्तरणीचेच आहेत. परवा मला म्हणाली, "थोरले, भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लागलंय." पलंगावरून!

आईचं सगळं बयो बघते. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, औषधं. तीन वर्षं झाली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. मागच्या खोलीत राहते. बदल्यात आई तिला आपली अक्षरं शिकवते. पाटी छातीवर ठेवून पलंगावरच शाळा भरते. बयोचं खरं नाव काय ते मला उच्चारता येत नाही, आईला येतं, पण ती बयोच म्हणते.

आता बातमी. आमच्या नगरपालिकेची निवडणूक आहे. हार्डवेअरच्या दुकानाचे भाऊ उभे आहेत. निशाणी कुलूप. त्यांना शोभतेच, दुकानात तेच जास्त खपतं. म्हणणं असं की गावात बाहेरचे फार झाले. दहा वर्षांचा रहिवासाचा पुरावा नसेल त्याला कोणी खोली द्यायची नाही, कामाला ठेवायचं नाही. समोर एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्यांची निशाणी बाक. त्या म्हणतात, आलेल्याला बसायला जागा द्या. ऐकायला गोड आहे. पण आपल्याच बाकावर आपल्यालाच सरकून बसायला सांगतात, ते मला नाही पटत.

मी कुलपालाच मत देणार. बाजारात जा, चारातले दोन चेहरे अनोळखी. नळावर गेलं की वेगळीच भाषा. देवळात परवा माझ्या नेहमीच्या जागी कोणीतरी डोळे मिटून बसलं होतं. देवाला चालत असेल, त्याला सगळेच सारखे. मला माझी जागा ठरलेली आहे.

तू म्हणशील, मग बयो? अगं, आमची बयो वेगळी. ती घरातली आहे. तिला कोण हात लावतो?

चिमणीच्या कागदपत्रांचं बघ. कवळ्या बनवण्याचा कोर्स करून पोर घरात बसली आहे. इथे लोकांचे दात पडतात, पण कवळी करायची कोणाची तयारी नाही. तिकडे तू आहेस म्हणून धीर आहे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. कापलेले आशीर्वाद परत पाठव, इकडे थंडीत लागतात.

तुझं पत्र वाचून मी लॉन्ड्रीत मोठ्याने हसले. हॉटेलच्या चारशे चादरी इस्त्रीच्या यंत्रातून जात होत्या आणि त्यांची मुकादमीण एकटीच हसत होती. देवळात तुझी जागा ठरलेली? आपले अप्पा एक पत्र्याची पेटी घेऊन त्या गावात उतरले, तेव्हा देवळाबाहेरच्या ओट्यावर झोपले होते. ते आईनेच सांगितलंय. दहा वर्षांचा पुरावा तेव्हा मागितला असता तर तू कुठे जन्मली असतीस, ते तुझ्या हार्डवेअरवाल्याला विचार.

पण मी तुला काय बोलू? इकडेही तेच चाललंय. आमच्याकडची निवडणूक महिन्यावर आली आहे. बावीस वर्षांनी मला पहिल्यांदा मत आहे आणि मी ते फाटक बंद करणाऱ्यांना देणार आहे. आता तू हस.

कारण ऐक. माझ्या हाताखाली नवीन आलेल्या सहाजणी आहेत. त्यातल्या चौघी माझ्या निम्म्या पगारात राजी. मालक माझ्याकडे बघून हिशेब करतो, ते मला दिसतं. शिवाय आम्ही जे सोसलं ते यांना नको. आम्ही रांगेत उभं राहून आलो.

हो, माहीत आहे. पाहुणी म्हणून तीन महिन्यांसाठी आले आणि सात वर्षं पाहुणीच राहिले, हे तू लिहिण्याआधी मीच लिहून टाकते. पण ती रांगच होती, फक्त जरा लपून उभी होते.

चिमणीची काळजी करू नकोस. माझ्या नावावर अर्ज गेला आहे. इथल्या दातांच्या कारखान्याचा मालक तिला घ्यायला खूश आहे. फाटक बंद झालं तरी ते अनोळखी लोकांसाठी. सख्ख्या भाचीला कोण अडवतो? आमची चिमणी वेगळी.

हे वाक्य लिहिल्यावर कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. असो.

आईला माझा नमस्कार. बयोला सांग, आईची टाच उशीवर टेकू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


१९ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद पूर्ण पाठवले आहेत. कुलूप जिंकलं.

निकालाचे आकडे मी किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. मला मॅट्रिकला गणितात बरे मार्क होते, हे तू सोयीने विसरतेस. गंमत बघ. टेकडीवरची कॉलनी, जिथे बाहेरचा माणूस औषधालाही नाही, तिथे शंभरातली ऐंशी मतं कुलपाला. बाजारपेठेत निम्मी. आणि नळाजवळच्या गल्लीत, जिथे एका भिंतीला दोन भाषा आहेत, तिथे तीसच. म्हणजे ज्यांना रोज सहन करावं लागतं त्यांनाच त्रास कळला नाही, आणि ज्यांनी कधी पाहिलेच नाहीत त्यांना बरोबर कळला. कॉलनीतली माणसं शिकलेली आहेत, त्यामुळे न बघताही त्यांना कळतं. पुलापलीकडचं गाव तर विचारूच नकोस. ती नगरपालिका वेगळी. तिथे तीन माणसांत एक बाहेरचा, आणि कुलूपवाल्यांची अनामतही गेली. आमचे हे म्हणाले, "बुडालं ते गाव." चहा पीत म्हणाले. ते गाव आमच्या गच्चीतून दिसतं, बुडालेलं काही दिसलं नाही.

आईचंही मतदान झालं. आता अंथरुणाला खिळलेल्यांचं घरी येऊन घेतात. दोन साहेब, एक पोलीस, एक पेटी. पलंगावर आईच्या मांडीवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईचा हात थरथरतो, शिक्का धरवत नाही, म्हणून साहेब म्हणाले सोबती लागेल. आई लगेच म्हणाली, "बयो." साहेब म्हणाले, "आजी, सोबती इथल्या मतदारयादीतला पाहिजे." बयो आपणहून बाहेर जाऊन उभी राहिली. मग मी बसले. आईने आपलं मत दिलं, मी नुसता हात धरला. सगळं पाच मिनिटांत. पोलिसाने पाणी मागितलं, ते दिलं.

तेव्हापासून आई जरा गप्प असते. वय झालं.

बयोबद्दल नियम निघालाय खरा, पण मी भाऊंना भेटेन. त्यांना मत दिलंय म्हटल्यावर तेवढं करतीलच.

तुझी,
ताई


२ मे

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. कागद वाया घालवला म्हणून रागव, म्हणजे मुख्य गोष्टीवर रागवायला उशीर होईल.

आमच्याकडेही फाटकवाले जिंकले. माझ्या रस्त्यावर चार घरांतली तीन माझ्यासारख्यांची, बाहेरून आलेल्यांची. त्यातल्या निम्म्यांनी फाटकालाच मत दिलं. आत आल्यावर थंडी वाजते ना, दार लावून घ्यावंसं वाटतं. आमच्या घरमालकीण म्हातारीने, जी इथलीच, पणज्यापासून इथली, तिने उघड्या दाराला दिलं. म्हणाली, "माझे गुडघे कोण चोळणार? फाटक?"

चिमणीचा अर्ज परत आला. काका, मामा, मावशी, सगळे नातेवाईक आता 'दूरचे' झाले. मावशी दूरची! मी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईला सांगितलं, हिच्या बारशाला मी नाव ठेवलंय. ती म्हणाली, "पुढचा."

मी पुन्हा म्हटलं, "बाई, मी तुमच्याच बाजूने मत दिलंय." तिने पहिल्यांदाच वर पाहिलं आणि म्हणाली, "धन्यवाद. पुढचा."

निम्म्या पगारातल्या त्या चौघींना पाठवून दिलं. माझा पगार वाढेल असं वाटलं होतं. वाढलं ते काम. आता मुकादमीणच चादरी झटकते, दोन-दोन पाळ्या. सुटी मागितली तर मालक म्हणतो, माणसं कुठे आहेत? ते त्याला मी विचारायला हवं होतं, तो मलाच विचारतो.

चिमणीला माझ्या तोंडाने सांगायची हिंमत नाही. तू सांग. आणि बयोला सांभाळ. आता तीच आहे.

तुझी,
धाकटी


१६ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद. या पत्राचं उत्तर आपल्या घरी पाठवू नकोस, शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या पत्त्यावर पाठव. का, ते शेवटी लिहिते.

भाऊंकडे गेले होते. दुकानात खिळे तोलत होते. म्हटलं, "भाऊ, आमच्या बयोचं बघा." तर हात जोडून म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखा. तुमच्यासाठी मोडला तर टेकडीवाले काय म्हणतील?" बरं म्हटलं. तेवढ्यात आतून त्यांच्या आईला चाकाच्या खुर्चीतून कोणी बाहेर आणलं असेल? बयोच्याच गावच्या बाईने! ती आणि बयो एकाच गाडीने इथे आल्या होत्या. मी बघतच राहिले. भाऊ म्हणाले, "हिचं प्रकरण वेगळं आहे, ताई. ही घरातली आहे."

मी खिळ्यांच्या पोत्याकडे बघितलं आणि घरी आले. तेच वाक्य मी कुठल्या तोंडाने खोडणार होते?

बयोला महिन्याची मुदत मिळाली. तिने पेटी भरली, आईच्या केसांना तेल लावलं, मला औषधांच्या वेळा लिहून दिल्या. आपल्या अक्षरांत, आईने शिकवलेल्या. पुलापलीकडे गेली. तिथे तिला दोन दिवसांत खोली मिळाली आणि चार दिवसांत काम. बुडालेल्या गावात माणसं लागतात म्हणे.

तिच्या जागी इथलं माणूस शोधलं. टेकडीवरच्या एकीने विचारलं, "म्हातारी उचलायची? मी?" दुसरी आली, तीन दिवस राहिली, आईपेक्षा जास्त झोपली. मग मीच उचलायला लागले. आठव्या दिवशी माझी कंबर गेली. आता आई पलंगावर आणि मी शेजारच्या सतरंजीवर, दोघी एकाच छताकडे बघतो. हे दोघींना चहा देतात. साखर विसरतात. चिमणीने दुसऱ्या शहरात कवळ्यांच्या दुकानात नोकरी धरली. तिथली खोलीवाली पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुम्ही बाहेरच्या ना? मग भाडं आगाऊ." पोरगी फोनवर हसली. मला नाही हसू आलं.

आईच्या पाठीला जखम झाली आहे. रुपयाएवढी. तीन वर्षांत झाली नव्हती.

आता ते लिहिते. त्या दिवशी आडोशाच्या आत आईचा हात माझ्या हातात होता. ती बाकाकडे न्यायला लागली. मला स्पष्ट कळलं, थरथर वेगळी आणि ओढ वेगळी. मी हात वळवला. कुलपावर. मनात म्हटलं, म्हातारीला काय कळतंय, तिच्या भल्याचंच करते आहे. शिक्का उमटला. आई शाई वाळेपर्यंत माझ्याकडे बघत होती, लहानपणी पाढा चुकला की बघायची तशी.

देवापुढे तीन महिने बसते आहे, जप पुढे सरकत नाही. हात जोडले की तोच हात आठवतो. आईला सांगायचं धैर्य नाही. तू कशीही करून ये. पंधरा दिवस तरी. जखम वाढली तर डॉक्टर म्हणाले, या वयात ती भरत नाही.

ताई


३ जुलै

ताई,

नमस्कार वगैरे राहू दे. मी मालकाच्या पाया पडायची बाकी होते. सुटी सप्टेंबरच्या आधी नाही. त्याला म्हटलं, माझी आई आहे. म्हणाला, "मलाही आई आहे, तिच्याकडेही माणूस मिळत नाही. आपण दोघांनी कोणाला मत दिलं होतं?" मग दोघं मिळून चादरी झटकल्या.

हाताचं वाचलं. मी तुला काय बोलू? तू आईचा हात वळवलास, माझा तर कोणी धरलाही नव्हता. मी आपल्या हाताने, घट्ट, नीट बघून शिक्का मारला आणि चिमणीच्या तोंडावर दार लावलं.

पण आईला सांग. लपवू नकोस. तिला माहीत नसेल असं तुला खरंच वाटतं? जिला पलंगावरून वाकडं कॅलेंडर दिसतं?

धाकटी


२० ऑगस्ट

थोरलीस आणि धाकटीस, दोघींना एकच पत्र. एक प्रत इथे, एक तिकडे. दोन वेगळी लिहून कागद घालवायची माझी रीत नाही.

अक्षर बयोचं आहे, बोलणं माझं. काना-मात्रा चुकला तर मी तिथेच थांबवून दुरुस्त करून घेते, म्हणून पत्राला तीन दिवस लागले.

धाकटे, तुझं पत्र शेजारणीकडे जायचं होतं म्हणे. तू सवयीने घरचा पत्ता घातलास आणि ते माझ्या उशीशी आलं. वाचलं. नवीन काही नव्हतं. हात माझा होता, मला कळणार नाही?

थोरले, तू विचारशील, तेव्हाच का बोलले नाही. दोन साहेब आणि पोलिसासमोर पोटच्या पोरीला खोटं पाडायचं नसतं. घरी पाडायचं असतं, सावकाश. तुला सांगायला चार महिने दिले. तू देवाला सांगितलंस, बहिणीला सांगितलंस. मी तुझ्यापासून दोन हातांवर होते.

म्हणून मी निघाले. जावईबापूंना गाडी आणायला सांगितली. ते म्हणाले, "आई, घर सोडून कुठे?" म्हटलं, "जिथे माझी माणसं राहू देतात तिथे." साठ वर्षं त्या गावात काढली. अप्पांची पेटी घेऊन आले होते, तीच घेऊन बाहेर पडले. पुलावर गाडी थांबवून मी मागे पाहिलं. गाव लहानच आहे, उगीच मोठं कुलूप लावून बसलंय.

बयोची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. चार बायका मिळून मला खुर्चीसकट वर घेतात, चार भाषांत मोजतात, तरी पायरी एकदाही चुकत नाही. जखम भरत आली आहे. रुपयाची चवली झाली. डॉक्टर आपलं म्हणणं मागे घेत आहेत.

थोरली आता कंबरेला पट्टा बांधून रोज बसने येते, डबा घेऊन. खाली रखवालदाराची वही आहे. त्यात 'बाहेरून आलेले' असा रकाना आहे, तिला त्यात सही करावी लागते. पहिल्या दिवशी भांडली, "अहो, माझी आई राहते इथे!" तो म्हणाला, "असेल. पण तुम्ही कुठल्या?" आता गुपचूप सही करते. परवा तिनेच माझी कूस बदलली, बयोने दाखवल्याप्रमाणे. टाच उशीला टेकू दिली नाही. तेव्हाच म्हणाली, "आई, माझं चुकलं." मी म्हटलं, "पहिल्यांदा बयोला सांग." सांगितलंन. दोघी रडल्या, मी झोपेचं सोंग घेतलं.

आता व्यवहाराचं. मतदारयादीतलं नाव इकडे लावून घ्यायचा अर्ज मी भरला. कारकून म्हणाला, "आजी, शहाऐंशीव्या वर्षी गाव बदलताय?" म्हटलं, "बाबा, परक्या गावी यायला हेच वय बरं. परत पाठवायला कोणी धजत नाही." सोबती कोण, असा खाली रकाना आहे. त्यात बयोचं नाव सांगितलं. तो म्हणाला, तिचं स्वतःचं नाव यादीत चढायला अजून वर्ष आहे, आणि निवडणुकीला चार.

त्याला म्हटलं, लिही. मी थांबते.

तुम्हा दोघींची,
आई

(बयो: आजी हे लिहू नको म्हणाली, मी लिहिते. धाकटी ताई, सप्टेंबरमध्ये या. खाली वहीत सही करावी लागेल. मी पेन तयार ठेवते.)